सुट्टीचा अभ्यास वाचतं कोण?

बारावीत गेलेल्या मुलांना शाळेने मे महिन्याच्या सुट्टीत अभ्यास द्यावा का, आणि द्यायचाच तर कोणता, यावर यंदा आमच्या घरात बरंच बोलणं झालं. बोलणारी दोघं माझ्या जवळचीच. थोरली वहिनी नाशिकला एका सीबीएसई शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. धाकटा भाऊ निफाड तालुक्यात शेती करतो, उन्हाळ कांदा आणि थोडी द्राक्षबाग. त्याची मुलगी यंदा बारावीत आहे. शाळा सीबीएसईची, पण वहिनीची नव्हे, तालुक्यातली दुसरी. शाळेने सुट्टी लागताना तिच्या हातात चार पानांचा कागद दिला, आणि तो कागद घेऊनच भाऊ बोलायला बसला. दोघांचं बोलणं जसं झालं तसं इथे देते. जिथे मला राहवलं नाही तिथे मधे बोलले आहे.

भाऊ: वहिनी, हे वाचा. फिजिक्सचा प्रोजेक्ट, केमिस्ट्रीचा प्रोजेक्ट, बायोलॉजीचा प्रोजेक्ट. इंग्रजीची फाईल. गणिताच्या पहिल्या चार धड्यांतली सगळी उदाहरणं वहीत. शारीरिक शिक्षणाची रेकॉर्ड वही. जर्नल पूर्ण करा ते वेगळंच. पाच आठवड्यांत एवढं करायचं, आणि याला सुट्टी म्हणायचं!

वहिनी: भाऊजी, आमचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. महिनाभर शिकवतो आणि मधेच पाच आठवडे सगळं थांबतं. जूनमध्ये मुलं परत येतात तेव्हा एप्रिलमधलं निम्मं विसरलेली असतात. आणि बारावीचं वर्ष तुम्ही मोजून बघा. जानेवारीपासून प्रात्यक्षिक परीक्षा, फेब्रुवारीच्या मध्यावर बोर्ड. त्याआधी सहामाही, गणपती, दिवाळी, मग प्रिलिम. सलग वेळ मिळतो तो फक्त मे महिन्यात.

भाऊ: प्रोजेक्टला मार्क किती असतात?

वहिनी: फिजिक्सला प्रात्यक्षिकाच्या ३० पैकी ३. केमिस्ट्रीला तोंडीसकट ४. आमच्याकडे ५. इंग्रजीला अंतर्गत २० पैकी १०.

भाऊ: तीन मार्कांसाठी चाळीस पानांची फाईल. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो परवा. तिथे मुलांची रांग. दुकानदार विचारतो, ट्रान्सफॉर्मर पाहिजे, दुधातलं केसीन पाहिजे की पेरूतलं ऑक्झलेट? कॉम्प्युटरवर सगळ्या फायली तयार आहेत. पहिल्या पानावर शाळेचं प्रमाणपत्र, दुसऱ्या पानावर मुख्याध्यापकांचे आणि आईवडिलांचे आभार, मग अनुक्रमणिका. मागच्या वर्षीच्या मुलाचं नाव काढून यंदाच्या मुलाचं घालतो, रंगीत प्रिंट काढतो, स्पायरल बायंडिंग करून देतो. आभाराच्या पानावर माझंही नाव येणार, आणि मी केलं काय, तर पैसे दिले.

वहिनी: पेरूचा प्रोजेक्ट मलाही ओळखीचा आहे. दरवर्षी दिसतो.

भाऊ: मे महिन्यात पेरू आणायचा कुठून? बरं, पेरू मिळाला समजा. त्यातलं ऑक्झलेट मोजायला काय लागतं?

वहिनी: पोटॅशियम परमँगनेट, सौम्य सल्फ्युरिक ॲसिड, ब्युरेट. घरात करण्यासारखा प्रयोग नाहीच तो.

भाऊ: मग फायलीतली रीडिंग येतात कुठून?

वहिनीने यावर लगेच काही म्हटलं नाही. हा प्रश्न मला त्या सगळ्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ज्या प्रयोगाला प्रयोगशाळा लागते तो प्रयोगशाळा बंद असताना घरी करायला सांगितला, तर मूल आकडे कुठून तरी उचलणारच. सतरा वर्षांच्या मुलाला विज्ञानाच्या नावाखाली आपण पहिल्यांदा काय शिकवतो, तर न घेतलेलं माप लिहायला. मुलं आळशी आहेत म्हणून हे होत नाही. काम देणाऱ्याने ते होण्यासारखं आहे का हे पाहिलेलं नसतं, म्हणून होतं.

वहिनी: तरी भाऊजी, काहीच देऊ नका हे मला पटत नाही. तुम्ही मुलीचे बाप आहात म्हणून सांगते. माझ्या वर्गात खेड्यावरून येणाऱ्या मुली आहेत. सुट्टी लागली की त्यांना काय मिळतं? विश्रांती मिळते का? घरात लग्न असतं, पाहुणे असतात, पापड-कुरडया असतात. भाऊ ग्राऊंडवर, आणि ही पहाटेपासून ओट्यापाशी. एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, तुम्ही अभ्यास जरा जास्तच द्या. शाळेचा कागद दाखवला की आजी दुपारी बसू देते. कागद नसला की म्हणते, सुट्टी आहे ना, मग रिकामी काय बसलीस!

भाऊ: आमच्याकडे तसं नाही.

वहिनी: तुमच्याकडे नाही, मान्य. पण मी कागद काढते तो चाळीस घरांसाठी. त्यातल्या काही घरांत तो कागद म्हणजे त्या मुलीची हक्काची दोन तासांची जागा आहे.

मी गावात वाढले. वहिनी म्हणते ते घर मी पाहिलेलं आहे, त्या आजीही पाहिल्या आहेत. सुट्टीतला अभ्यास साफ बंद करा म्हणणारे बहुतेक जण आपलं लहानपण आठवून बोलतात: आंबे, विहिरीत पोहणं, मामाचं गाव. त्या आठवणीत त्यांच्या बहिणी काय करत होत्या हे फारसं कुणी सांगत नाही.

भाऊ: ठीक आहे, दोन तास म्हणालात ना? दोनच तासांचा द्या मग. सरकारचंच काहीतरी धोरण आहे ना दप्तराचं?

वहिनी: आहे. २०२० चं दप्तर धोरण. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि माध्यमिक, उच्च माध्यमिकला दिवसाला जास्तीत जास्त दोन तास. तो आकडा शाळेच्या दिवसांसाठी आहे म्हणा.

भाऊ: शाळेच्या दिवसाला दोन, मग सुट्टीच्या दिवसाला त्याहून जास्त कसे? पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. दोनाने गुणा, सत्तर तास. आता हा कागद सत्तर तासांत बसवून दाखवा. गणिताचीच उदाहरणं घेतली तरी चाळीस तास कुठे जात नाहीत. प्रत्येक मास्तराला वाटतं, पोरांना माझा एकच विषय आहे. सहा जणांनी सहा याद्या दिल्या, ऑफिसने त्या एकाखाली एक जोडून दिल्या. बेरीज कुणी केली?

वहिनी: बेरीज कुणी करत नाही, हे खरं आहे. पण आता मी एक विचारते. तुमची लेक सकाळी कुठे जाते?

भाऊ: नीटच्या क्लासला. नाशिकला.

वहिनी: किती वाजता निघते?

भाऊ: साडेसहाची बस.

वहिनी: आणि येते?

भाऊ: दीड-दोन होतात.

वहिनी: म्हणजे क्लासचे पाच-सहा तास सुट्टीत चालतात, शाळेचे दोन तास मात्र जड होतात. तुमच्या तक्रारीत क्लासचं नाव एकदाही आलं नाही, भाऊजी. एनसीईआरटीच्या पुस्तकात काय आहे ते मुलांनी शांतपणे वाचावं म्हणून मी धडपडते, आणि क्लासवाले त्याच पुस्तकातल्या ओळींचे पर्यायी प्रश्न करून घेतात. १८० मिनिटांत १८० प्रश्न. तिथे प्रश्नाला थांबायला जागाच नाही. माझ्या प्रोजेक्टवर रागावता, त्याच्याआधी हेही धरा हिशोबात.

भाऊ: क्लासची फी भरलीय वहिनी. ७२० पैकी मार्क पडले तरच सरकारी मेडिकल. आम्हाला दुसरा रस्ता आहे का? खासगी कॉलेजची फी कांद्यावर निघत नाही.

या जागी दोघंही गप्प बसली, आणि मलाही काही सुचलं नाही. सुट्टी गेली कुठे, याचं उत्तर शाळेच्या कागदापेक्षा इथे जास्त आहे. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने शालेय ओझ्यावरचा अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजता शिकण्याचं ओझं जास्त घातक आहे, हा त्या अहवालाचा गाभा होता. तेव्हापासून ओझ्यावर चर्चा होते ती मात्र वजनकाट्यावर दप्तर ठेवूनच. बारावीच्या मुलीला आठ तास अभ्यास आहे हे मला तितकं टोचत नाही. त्या आठ तासांत तिला स्वतःचा एक प्रश्न पडायला पाच मिनिटं नाहीत, हे टोचतं.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते कांद्यामुळे. कांदा साठवायची चाळ भरायचं काम चालू होतं. शेतातली पोळ उघडून, मान कापून, निवडून कांदा आत टाकत होते. गोल्टी एकीकडे, जोड आणि डेंगळे दुसरीकडे.

वहिनी: भाऊजी, चाळीत किती घट येते?

भाऊ: येते की. चार-पाच महिने ठेवला तर चौथा हिस्सा तरी जातो. वर्ष वाईट असलं तर त्याहून जास्त.

वहिनी: मोजलंय कधी?

भाऊ: मोजायचं कशाला? गाडी भरताना कळतंच.

वहिनी: गाडी भरताना एकूण किती गेलं ते कळतं. किती वाळून गेलं, किती सडून गेलं, किती कोंब येऊन गेलं, ते कळतं का? पहिल्या महिन्यात किती आणि पाऊस लागल्यावर किती?

भाऊ: तसं नाही सांगता यायचं. सुरुवातीला नुसता सुकतो. सड पुढे, हवा दमट झाली की. वरच्या थरापेक्षा खालचा बरा राहतो असं मला वाटतं, खालून जाळीतून वारा लागतो म्हणून. शेजारचे उलटं म्हणतात.

वहिनी: झाला प्रोजेक्ट. दहा-दहा किलोच्या तीन जाळीच्या पिशव्या भरायच्या. एक चाळीत वरच्या थरात, एक खाली जाळीलगत, एक घरात. खालची पिशवी कडेला ठेवायची म्हणजे हात घालून काढता येईल. दर रविवारी वजन. काळी बुरशी आलेले किती, मऊ पडलेले किती, तेही मोजायचं. तुमचं खरं की शेजाऱ्यांचं, ते दिसायला लागेल.

भाऊ: आणि मान किती ठेवायची तेही बघा त्यात. राजगुरुनगरच्या कांदा संशोधनवाल्यांचं ऐकून आम्ही इंचभर मान ठेवतो. मजूर घाईत असले की बुडातून कापतात. तो कांदा लवकर सडतो असं म्हणतात.

वहिनी: मग पिशव्या वाढवा. आखूड मानेच्या वेगळ्या, लांब मानेच्या वेगळ्या. बाकी सगळं सारखं. आता मला सांगा, हे कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात मिळेल?

भाऊ: पण शाळा घेईल का? यादीतलाच विषय पाहिजे म्हणतात.

वहिनी: यादी नमुन्यादाखल असते. केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमात तर स्पष्ट आहे, शिक्षकांच्या मान्यतेने दुसरा विषय घेता येतो, आणि काम किती, तर साधारण दहा तासिकांचं. दहा तासिका, भाऊजी. चाळीस मिनिटांची तासिका धरली तर सात तासही होत नाहीत. चाळीस पानं, लेस, चमकी, आभार, हे बोर्डाने कुठे मागितलेलं नाही. ते आम्हीच वाढवून ठेवलंय.

भाऊ: दुसरं एक आहे. ताईला आठवत असेल, हिच्या वेळेला कांद्याची मुळं बघायचे वर्गात.

वहिनी: अजूनही बघतो. बारावीचं प्रात्यक्षिकच आहे, मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा, बुडाला पाणी टेकवायचं, मुळं दोनेक सेंटिमीटर आली की सकाळी टोकं कापायची. मग रंग देऊन, काचेवर हलकं दाबून मायक्रोस्कोपखाली. पण जूनमध्ये माझी पंचाईत होते. मुलं घरून कांदा आणतात आणि आठ-आठ दिवस मुळंच येत नाहीत.

भाऊ: ताजा आणत असतील. नवा कांदा निजलेला असतो वहिनी. त्याला लगेच मुळं फुटत नाहीत. जुना घ्या.

वहिनी: किती जुना?

भाऊ: ते काही सांगता यायचं नाही.

वहिनी: मग हेही लेकीलाच शोधू द्या. दर रविवारी चाळीतले पाच कांदे पाण्यावर ठेवायचे आणि कितव्या दिवशी मुळं येतात ते लिहायचं. मला इतकी वर्षं शिकवून हे माहीत नाही, तुम्हाला इतकी वर्षं पिकवून माहीत नाही. जूनमध्ये तिने मला सांगावं.

इथे भावाचा आवाज बदलला. अभ्यासाला त्याचा विरोध नव्हता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचा राग होता तो आपल्या घरातलं, आपल्या रानातलं काहीच शाळेला नको असतं यावर. मुलीचं पुस्तक आणि बापाची चाळ यांचा कधी संबंध आला नव्हता, आणि तो यावा असं त्याला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. तरी तो लगेच मान डोलावणारा नाही.

भाऊ: ठीक. ही मुलगी चाळ असलेल्या घरातली, आणि हिची काकू बायोलॉजीची मॅडम. नाशिकरोडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोराने काय करायचं? आणि आमच्या गल्लीतला एक मुलगा सरकारी अनुदानाच्या ज्युनिअर कॉलेजात आहे. लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जातो. मे महिन्यात कमावतो तेव्हा त्याची वर्षाची पुस्तकं येतात. त्यालाही हाच कागद?

वहिनी: फ्लॅटमधल्या मुलाला विजेचं मीटर आहे. टाकीत पाणी किती वाजता येतं आणि किती येतं, हे कुठल्या सोसायटीत कुणी लिहून ठेवलंय? त्याची मला काळजी नाही. केटरिंगवाल्या मुलाची आहे. त्याच्या कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प असतो, आणि तोही दुकानातूनच येतो. त्याने पंगतीनंतर किती अन्न टाकलं जातं ते चार लग्नांत मोजलं तर त्याच्याइतका चांगला प्रकल्प वर्गात दुसरा होणार नाही. पण रात्री एक वाजता भांडी उचलून घरी आलेल्या पोराला मी हे सांगू का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भाऊ: नका सांगू. त्याला झोपू द्या.

वहिनी: हो. त्याला झोपू द्यावं.

भाऊ: आता माझा शेवटचा प्रश्न. ही एवढं करेल, वजनं लिहील, मुळं मोजेल. जूनमध्ये ते वाचणार कोण?

वहिनी: वर्गात चाळीस मुलं. एका फायलीला पाच मिनिटं दिली तरी दोनशे मिनिटं, रोजचे तास सांभाळून. फायली आठवडाभर टेबलावर असतात. पहिलं पान, शेवटचं पान, सही, मार्क. सगळीकडे असंच होतं. म्हणून मी यंदा आमच्या शाळेत म्हटलंय, फाईल नको. साधी शंभर पानी वही, हाताने लिहिलेली मापं, आणि जूनमध्ये वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटं सांगायचं. रोज चार मुलं घेतली तर दहा दिवसांत वर्ग होतो. सांगताना कोणी केलंय आणि कोणी नाही ते आपोआप कळतं. वर्गालाही कळतं.

भाऊ: आणि बाकी पाच विषय?

वहिनी: तिथे माझं कुठे चालतं? पण विज्ञानाला तिन्ही विषयांत मिळून एकच प्रोजेक्ट सुट्टीत द्या, बाकीचे पावसाळ्यात प्रयोगशाळेत करून घ्या, एवढं मी बोलणार आहे. आणि मधले पंधरा दिवस कागदावर कोरे ठेवा. तुमचं तेवढं मला पटलं.

मला विचाराल तर सगळ्या वादाची किल्ली भावाच्या या शेवटच्या प्रश्नात होती. जो अभ्यास शिक्षक वाचणार नाहीत तो त्यांनी देऊ नये. हा एकच नियम कुठल्याही शाळेने मनापासून पाळला तर चार पानांचा कागद अर्ध्या पानावर येईल, आणि त्या अर्ध्या पानावर जे उरेल ते मूल करेल. मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा मुलांना फार लवकर कळतं, आपलं लिहिलेलं कोणी वाचलं की नाही.

एवढा वेळ जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं तिला कुणी विचारलं नव्हतं. ती क्लासहून येऊन जेवत होती. वहिनीने तिला सगळं समजावून सांगितलं. तिने पिशव्यांचं ऐकून घेतलं, आखूड मान आणि लांब मान यावर बापाला दोन प्रश्न विचारले, आणि मग म्हणाली, “करते काकू. पण क्लासला मधे आठवडाभर सुट्टी आहे, तेव्हा मी आजोळी जाणार. त्या रविवारचं वजन बाबा घेतील.”

भाऊ: घेईन की.

वहिनी: नाही. बाबांनी घेतलं तर तो बाबांचा प्रोजेक्ट. तू जा आजोळी. त्या आठवड्याची ओळ रिकामी ठेव.

भाऊ: रिकामी? मार्क कापतील वहिनी. अंदाजाने भरता येईल की, मागचं आणि पुढचं वजन माहीत असतंच.

वहिनी: अंदाज भरायचा नाही. ओळीसमोर लिहायचं, आजोळी गेले होते म्हणून वजन घेतलं नाही. तिच्या मॅडम काय करतील ते मला माहीत नाही. माझ्याकडे ही वही आली असती तर मी आधी तीच ओळ पाहिली असती, आणि ती पाहून वरखालच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता.